चिकटपट्टीचा जावई

शेडमध्ये सगळे तिला आत्याच म्हणायचे. खरं तर ती आत्या एकट्या भाच्याची, म्हणजे शेड चालवणाऱ्याची. पण तो दिवसभर ‘आत्या हे कुठंय, आत्या ते कुठंय’ करत हिंडायचा, आणि ऐकून ऐकून बाकीच्यांच्या तोंडातही तेच बसलं. ट्रकवरचा पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर तिच्याहून चांगला मोठा, पण तोही उतरल्या उतरल्या विचारायचा, “आत्या, कुठं ओतू?” आत्या म्हणायची, “माझ्या डोक्यावर ओत.” मग तो हसत हसत नेहमीच्या जागी ओतायचा.

काय ओतायचा? तर शहरानं उघडून, फाडून, चाटूनपुसून टाकलेलं प्लास्टिक. शेड बांधली तेव्हा ती गावाबाहेर होती. मग शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं आणि तिला वळसा घालून पुढं निघून गेलं. आता तिन्ही बाजूंना उंच इमारती, आणि त्यांत रोज कुणीतरी नवं राहायला येणार. नवं घर म्हटलं की सगळंच नवं लागतं, आणि हल्ली कुणी दुकानात पाऊल टाकेल तर शपथ! सगळं घरबसल्या हवं. सुई मागवली तरी ती उशीएवढ्या पिशवीत बसून दारात हजर. सुई घरात राहायची आणि पिशवी शेडमध्ये यायची.

शेडमध्ये एक लांबलचक सरकता पट्टा होता. त्याच्या तोंडाशी बाटल्या वेचणारे. त्यांचा मान मोठा, कारण बाटली कुणालाही हवी असते. त्यांच्यानंतर डबेवाले. आणि पार शेवटी, जे कुणालाच नको असतं ते वाहत वाहत जिथं पोचतं, तिथं पिशव्यांचं टेबल. या टेबलावर आत्याचं राज्य होतं.

राज्य म्हणजे काय, टेबल एक आणि प्रजा दोन. दोघी सख्ख्या जावा, थोरली आणि धाकटी. त्यांचं सख्य विळ्याभोपळ्याचं. कधीकाळी कपाटावरून की कपाटाच्या किल्लीवरून बिनसलं ते बिनसलंच. एका घरात राहायच्या, एका बसनं यायच्या, एका टेबलाशी उभ्या राहायच्या, पण एकमेकींशी अक्षर बोलायच्या नाहीत. सगळा व्यवहार आत्यामार्फत.

“आत्या, तिला सांगा, कोपर जरा आवर म्हणावं.”

“आत्या, तिला सांगा, कोपर अंगालाच लागलेलं असतं. काढून खुंटीवर नाही टांगता येत.”

आत्या दोघींच्या मधे उभी असायची. “ऐकलंत ना दोघींनी? मग मी कशाला घसा कोरडा करू?” असं ती म्हणायची खरी, पण निरोप पोचवण्यात तिला मजाच यायची.

टेबलाचं काम ऐकायला सोपं होतं. पार्सलची पिशवी उचलायची, झटकायची, तिच्यावरचा कागद काढायचा, चिकटपट्टी सोलायची आणि स्वच्छ झालेली पिशवी मागच्या पिंजऱ्यात टाकायची. पिंजरे भरले की दाबून गठ्ठे बांधायचे. गठ्ठे जायचे दाणेवाल्याकडे. तो पिशव्या वितळवून त्यांचे दाणे पाडायचा आणि त्या दाण्यांतून पाण्याचे पाइप काढायचा. सगळं सरळ होतं, फक्त ती चिकटपट्टी सोडून.

कारण त्या शहरात कुठंतरी चिकटपट्टी लावणारा एक महापुरुष राहत होता. बाकीच्या पार्सलांना एक पट्टी असायची, फार तर दोन. याच्या पार्सलाला उभे वेढे, आडवे वेढे, चारी कोपऱ्यांवर फुल्या, आणि शेवटचं टोक घडीच्या आत असं दडवलेलं की नखाला सापडू नये. घरची माणसं दोन वेढ्यांमधून पिशवी चिरून वस्तू काढून घ्यायची, आणि पट्टी तशीच शेडमध्ये यायची. बरं, कात्री घेऊन पट्टीच्या कडेनं कापत जावं तर पिशवीचं उरतं काय? भोकं! आत्यानं या माणसाला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात ती लांबूनसुद्धा ओळखायची. पट्ट्यावर तसलं पार्सल दिसलं की म्हणायची, “या, आलात?” आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सोलायला घ्यायची.

आता सोललेल्या पट्ट्यांचं काय करायचं, हा आणखी एक घोर. त्या जिथं टाकाव्या तिथं राहायच्या नाहीत, भलतीकडंच चिकटायच्या. एकदा भाच्याच्या पँटला मागून चिकटली आणि तो तसाच बँकेत जाऊन आला. त्या दिवसापासून आत्यानं पट्ट्या एकीवर एक गुंडाळायला सुरुवात केली. आधी लिंबाएवढा गोळा झाला. मग कोबीच्या गड्ड्याएवढा, मग लाल भोपळ्याएवढा. शेवटी तो टेबलावर मावेना, म्हणून त्याला शेजारी स्टुलावर बसवलं. थोरलीनं त्याचं नाव ठेवलं जावई. काम काही नाही, बसल्या जागी फुगतोय, आणि येता-जाता त्याला काही ना काही द्यावंच लागतंय. धाकटीला हे इतकं पटलं की ती खुदकन हसली. मग आपण कुणाच्या बोलण्यावर हसलो ते ध्यानात येऊन तिनं खोकल्याचं सोंग केलं.

आणि एका दुपारी दाणेवाल्याकडे गेलेला ट्रक गेला तसाच भरलेला परत आला.

भाचा टेबलापाशी आला तो हातात पाइपचा एक तुकडा घेऊनच. काळा, मनगटाएवढा जाड, आणि अंगावर सगळीकडं फोड.

“हे बघ, आत्या. पिशव्यांना पट्टीचे तुकडे राहून जातात. ते नीट वितळत नाहीत, मग पाइपला असे फोड येतात आणि तिथूनच पाणी गळतं. मागच्या वेळी त्यानं सांभाळून घेतलं. आता म्हणतो, पुढचा ट्रक असाच आला तर तुमच्या पिशव्याच नकोत.”

“मग?”

“मग काय. टेबल बंद. पिशव्या सरळ खड्ड्यात पुरायच्या.” भाचा पाइपच्या फोडांवरून बोट फिरवत राहिला. “या दोघींना मी बाटल्यांवर घेतो. आणि तू घरी आराम कर ना, आत्या. किती दिवस अशी उभी राहणार? पाय वर करून मस्त बस.”

बिचारा प्रेमानंच म्हणाला होता. पण आत्याच्या डोळ्यांसमोर ते घर आलं. घरी एक खोली होती, खोलीला एक खिडकी होती आणि खिडकीसमोर नव्या इमारतीची भिंत होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. लेक लांबच्या शहरात. ती रविवारी फोन करायची, तोही कढईत काहीतरी परतता परतता. पाय वर करून बसायचं ठीक आहे, पण बसून बोलायचं कुणाशी? भिंतीशी? इथं दोन धडधाकट बायका तिच्याशिवाय एकमेकींना ‘सरक’ म्हणू शकत नव्हत्या. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं यासारखं सुख नाही, आणि आत्याला ते सोडायचं नव्हतं.

“पुढचा ट्रक कधी जाणार?”

“पिंजरे भरले की.”

“आणि पट्टी मुळातच कमी लावली तर?”

“कोण लावणार कमी? तुझा तो महापुरुष?”

“त्यालाच विचारून येते,” आत्या म्हणाली.

पत्ता शोधायची गरज नव्हती. तो प्रत्येक पिशवीवर छापलेला होता. शहराच्या दुसऱ्या टोकाचं एक मोठं गोदाम. दुसऱ्या दिवशी आत्यानं सुट्टी टाकली, जावयाला काखेत मारलं आणि बस पकडली.

“हे काय आहे?” कंडक्टरनं विचारलं.

“जावई.”

“कुणाचा?”

“ज्याचा आहे त्याच्या दारात नेऊन घालायला चाललेय.”

कंडक्टरनं गोळ्याकडं पाहिलं, आत्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि वाद न घालणंच बरं असं ठरवलं. “मांडीवर घेतलात तर तिकीट नाही,” तो म्हणाला. आत्यानं जावयाला मांडीवर घेतलं. ती उतरली तेव्हा शेजारच्या गृहस्थाच्या वर्तमानपत्राचं अर्धं पानही जावयाबरोबर उतरलं.

गोदामात टेबलांच्या रांगाच रांगा होत्या, आणि प्रत्येक टेबलावरून चिकटपट्टी ओढल्याचा चर्र-चर्र आवाज येत होता. आत्याच्या अंगावर काटा आला. तिनं वाटेत भाषण तयार करून ठेवलं होतं. पहिल्याच टेबलावरच्या बाईला तिनं गोळा दाखवला आणि विचारलं, “असलं कोण करतं?” बाईनं शेवटच्या टेबलाकडं बोट दाखवलं. “मास्तर. आम्हां सगळ्यांना त्यांनीच शिकवलंय.”

आत्याच्या मनातला महापुरुष आडदांड होता, केसाळ हातांचा, तोंडात शिवी असलेला. शेवटच्या टेबलाशी एक किडकिडीत गृहस्थ उभे होते. शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ते एका किटलीला पिशवीत घालत होते, झोपलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसे.

आत्यानं जावयाला त्यांच्यासमोर धाडकन ठेवलं. “हे तुमचं.”

मास्तरांनी चष्मा वर सारला. गोळा हळूहळू फिरवून पाहिला. “हो, ही माझीच,” ते म्हणाले. “हीसुद्धा. ही नाही, ही त्या दारापाशी बसते तिची, ती टोक तिरकं तोडते.” मग त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहराच उजळला. “तुम्ही या सगळ्या जमवून ठेवल्यात?”

हा माणूस हात झटकेल, आवाज चढवेल, दुसऱ्याकडं बोट दाखवेल, असं सगळं आत्या धरून आली होती. तो खूश होईल हे काही तिच्या हिशेबात नव्हतं.

“मी पार्सल बांधतो, ते जातं,” मास्तर म्हणाले. “पुढं ते कुणी बघतं की नाही, कधी कळत नाही. तुम्ही माझा हात ओळखता?”

“शिव्या द्यायला ओळखते.”

“पण ओळखता ना.”

एवढं जपून आणलेलं भाषण आत्यानं बाजूला ठेवलं. तिनं सरळ सगळं सांगून टाकलं. पाइपचे फोड, परत आलेला ट्रक, बंद पडणारं टेबल. मास्तरांनी मधे एकदाही न तोडता ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचं पटतंय मला. पण पट्टी कमी कशी करू? आत कुणाची तरी वस्तू असते. कुणीतरी तिची वाट बघत असतं. वाटेत फुटली तर?”

“फुटली तर! परवा एक पिशवी सोलली, आत रिकामा खोका, खोक्यावर रबरी चेंडूचं चित्र. चेंडूला एवढे वेढे? चेंडू फुटणार होता?”

“चेंडू कुणाचा तरी होता,” मास्तर शांतपणे म्हणाले.

“एवढी भीती वाटते तर पार्सलात स्वतःच बसून जावं माणसानं!”

आजूबाजूच्या टेबलांवर कुणीतरी फिस्सकन हसलं. आत्याला चेव आला. तिनं नुकतीच बांधून झालेली किटली मास्तरांपुढं सरकवली. “हे आत्ताच बांधलंत ना? उघडा. कात्री नाही, ब्लेड नाही. माझ्या टेबलावर असतं तसं, नुसत्या हातांनी.”

“त्यात काय,” मास्तर म्हणाले.

त्यांनी टोक शोधलं. ते त्यांनीच दडवलेलं होतं, पण सापडेना. त्यांनी पिशवी उलटी केली, उजेडाकडं धरली, नखानं खरवडली. एकेका टेबलावरचा चर्र-चर्र थांबत गेला आणि सगळं गोदाम गोळा झालं. मास्तरांनी पिशवी पोटाशी धरून ओढली, मग गुडघ्यांत धरून ओढली. चष्मा घसरला तो कुणीतरी झेलला. शेवटी आजूबाजूला बघून त्यांनी दात लावले. पिशवी एकदम टरकन फाटली, मास्तर दोन पावलं मागं गेले आणि किटलीचं झाकण गडगडत थेट गोदामाच्या दारापर्यंत पोचलं.

सगळ्यांनी हसू दाबलं. मास्तर म्हणजे मास्तर, त्यांच्यासमोर हसायचं कसं? पण पहिले हसले ते मास्तरच. इतके हसले की त्यांना खोक्यावर बसावं लागलं, डोळे पुसावे लागले. आत्याला ते फार आवडलं. स्वतःवर हसता येणारी माणसं तिनं बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली होती, आणि त्यांतलं एकही तिच्या नात्यात नव्हतं.

“आजपर्यंत एकही पार्सल उघडलं नव्हतंत?” तिनं विचारलं.

“नाही.”

“घरी आलेलंसुद्धा?”

“मला कोण पाठवणार?” मास्तर कुणीतरी आणून दिलेलं झाकण किटलीवर ठेवता ठेवता म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाले. आत्याच्या जिभेवर पुढचा टोमणा तयार होता, तो तिनं गिळला. तिलाही आजवर कुणी पार्सल पाठवलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत दोघं किटली मधे ठेवून बसली. पट्टी धरते कशी हे मास्तरांना ठाऊक होतं, सुटते कशी हे आत्याला.

“फुल्या नकोत म्हणता, मग कोपरा कसा धरेल?”

“तोडायचीच नाही. एकच पट्टी, अखंड. कोपऱ्यावरून तशीच वळवा. मी ओढेन तेव्हा ती एका दमात निघाली पाहिजे.”

“आणि टोक?”

आत्यानं टोक घेतलं, बोटभर स्वतःवरच दुमडलं आणि चिमटीत दाबलं. छोटासा कान तयार झाला. “हा असा बाहेर ठेवायचा. धरायला.”

मास्तरांनी तो कान चिमटीत धरून पाहिला. मग त्यांनी तसं एक पार्सल बांधलं, टेबलावरून खाली टाकलं, मग शिडीवर चढून वरून टाकलं. किटली शाबूत. आत्यानं कान धरून ओढला आणि सर्रकन सगळी पट्टी एकसंध हातात आली. मास्तरांनी टाळी वाजवली आणि लगेच इकडंतिकडं बघून हात खाली घेतले.

“शिकवीन सगळ्यांना,” ते म्हणाले. “पण जी पार्सलं आधीच गेलीत ती काही परत बोलावता येणार नाहीत.”

“ती आम्ही बघून घेऊ. जावयाला ठेवून जाते. डोळ्यांसमोर असू द्या.”

नंतरचे दिवस मात्र कठीण गेले. पट्ट्यावरून येणाऱ्या पिशव्यांवर तेच उभे, तेच आडवे, त्याच फुल्या. पिंजरे भरत चालले. तिघींनी जिवाचं रान केलं. एकही तुकडा राहू नये म्हणून पिशवी न् पिशवी उजेडात धरून बघायच्या. नखं झिजली, खांदे भरून आले.

“आत्या, तिला सांगा, मास्तर विसरले म्हणावं.”

“आत्या, तिला सांगा, असं अभद्र बोलू नये.”

आत्या निरोप पोचवायची, पण आवाजात दम नव्हता. भाचा येता-जाता पिंजऱ्यांकडं बघायचा आणि तसाच पुढं निघून जायचा, याचाच तिला जास्त राग यायचा.

आणि मग एका सकाळी धाकटी किंचाळली, “आत्या! कान!”

खरंच कान होता. तिनं चिमटीत धरला, ओढला, आणि पट्टी सरसर निघायला लागली. धाकटी मागं मागं सरकत भिंतीपर्यंत गेली तरी पट्टी येतच होती. शेवटच्या कोपऱ्यावर जराशी अडकली, तशी थोरली पुढं झेपावली. “अगं तिकडून नाही, इकडून ओढ!”

“इकडूनच ओढतेय! तू नीट धर तर!”

“धरलंय की! ओढ!”

पट्टी सुटली, पिशवी मोकळी झाली, आणि आपण काय केलं ते दोघींच्या एकदम ध्यानात आलं. थोरली छताकडं बघायला लागली, धाकटी चपलेकडं. “मी मधे उभी राहू की चहाला जाऊ?” आत्यानं विचारलं. पहिल्यांदा थोरलीला हसू फुटलं, मग धाकटीला, आणि या खेपेला कुणी खोकल्याचं सोंग केलं नाही. आपली गरज संपली की काय, असं वाटून आत्याच्या काळजात थोडं चर्रही झालं. पण ती भीती फुकटची होती. दुसऱ्या दिवसापासून दोघी थेट एकमेकींशी भांडायला लागल्या, आणि निवाडा करायला आत्या लागायचीच.

मग कानांची रीघच लागली. लांब कान, आखूड कान, तिरके कान. तिरका दिसला की आत्या म्हणायची, “ही ती दारापाशी बसते तिची.”

पिंजरे भरले, गठ्ठे बांधले, ट्रक गेला. त्या दिवशी टेबलावर कुणाचं लक्ष कामात नव्हतं. उन्हं कलता कलता हॉर्न वाजला. हॉर्न वाजवतच ड्रायव्हर फाटकातून आत आला आणि उतरून मागची फळी धाडकन पाडली. ट्रक रिकामा होता. त्याच्या हातात पाइपचा लांब तुकडा होता, काळाभोर आणि गुळगुळीत. भाच्यानं त्यावरून बोट फिरवलं, आत डोळा लावून पाहिलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तोंडाला लावून पोंऽऽ करून वाजवला. बाटल्यावाले, डबेवाले सगळे काम टाकून धावत आले.

“म्हणाला, असाच माल असेल तर जेवढा असेल तेवढा द्या,” ड्रायव्हर म्हणाला.

भाच्यानं आत्याला मिठीच मारली. “तुझा आराम राहिला की गं, आत्या.”

“तू कर आराम. तुलाच गरज आहे,” आत्या म्हणाली, आणि तिनं त्याच्याच शर्टाला डोळे पुसले.

संध्याकाळी तिनं त्या पाइपचा हातभर तुकडा कापून मागून घेतला. कशाला, ते कुणाला सांगितलं नाही. ‘मला कोण पाठवणार’ हे शब्द गेले कित्येक दिवस तिच्या कानात होते. जगातली निम्मी पार्सलं उघडून झाली, पण एक बांधायची वेळ कधी आली नव्हती. घरी जाताना तिनं दुकानातून चिकटपट्टीचं नवंकोरं रीळ घेतलं. रीळ संपलं तेव्हा पार्सल बांधून झालं.

आठवडा उलटला असेल. दुपारी फाटकापाशी पांढऱ्या मिशांचा ड्रायव्हर ओरडला, “आत्या, पाहुणे आलेत! कुठं ओतू?”

मास्तर उभे होते. गळ्यापर्यंत बटण, एका काखेत जावई, दुसऱ्या हातात पार्सल. ‘माझ्या डोक्यावर ओत’ हे उत्तर आत्याला आयुष्यात पहिल्यांदाच सुचलं नाही.

“कंडक्टरनं जावयाचं तिकीट मागितलं,” मास्तर म्हणाले.

“मग काढलंत?”

“काढलं. खिडकीपाशी बसवून आणलं.”

त्यांनी जावयाला शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसवलं आणि पार्सल टेबलावर ठेवलं. तेच पार्सल, न उघडलेलं. “पोचलं,” ते म्हणाले. “पहिलंच आहे. तीन दिवस झाले, कान शोधतोय.”

थोरलीनं पार्सल उचललं आणि फिरवून पाहिलं. उभे वेढे, आडवे वेढे, चारी कोपऱ्यांवर फुल्या, फुल्यांवर पुन्हा फुल्या. टोक घडीच्या आत दडवलेलं. “अगं बाई,” ती म्हणाली. “हे कुणी बांधलं?”

“हात ओळखीचा नाही,” धाकटी म्हणाली.

आत्या पट्ट्यावरच्या पिशव्या उगाचच चाळायला लागली. तिचे कान लाललाल झाले होते. भाच्याच्या तेवढ्यात सगळं लक्षात आलं. “दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात...”

“तू गप रे!”

“पण आत आहे काय एवढं?” थोरलीनं विचारलं.

“पाइप,” आत्या पुटपुटली.

“पाइप!” भाच्यानं डोक्याला हात लावला. “आत्या, त्याच्यावरून ट्रक गेला तरी त्याला काही होत नाही!”

सगळी शेड हसायला लागली. पट्टा थांबवावा लागला, कारण वेचायला कुणी शुद्धीवर नव्हतं. आत्या चिडून म्हणाली, “हसा, हसा. वाटेत फुटला असता तर?”

आणि स्वतःचंच वाक्य ऐकून ती थांबली. इतकी वर्षं तिला वाटायचं, हा कुणीतरी अर्धवट माणूस आहे, हातात पट्टी आहे म्हणून गुंडाळत बसतो. त्या रात्री घरी पार्सल बांधताना तिच्याही मनात आलं होतं, कुणी आपटलं तर, वर काही जड ठेवलं तर, पाऊस लागला तर. आणि दर वेळी हात आपोआप रिळाकडं गेला होता. पलीकडच्या टोकाला कुणीतरी आहे हे आठवलं की वेढा वाढतो. तिच्या पलीकडच्या टोकाला बरेच दिवस कुणी नव्हतं, एवढंच.

मास्तरांनी चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला. “एवढी भीती होती,” ते हळूच म्हणाले, “तर पार्सलात स्वतःच बसून यायचं होतंत.”

थोरलीनं धाकटीला कोपरानं ढोसलं. धाकटीनं कोपराबद्दल काही तक्रार केली नाही.

भाच्यानं खिशातून ब्लेड काढून पुढं केलं. मास्तरांनी मान हलवली. “या टेबलावर हातानंच उघडतात, असं ऐकलंय.”

“ऊठ रे जावया,” आत्या म्हणाली. “बसू दे त्यांना.” तिनं गोळ्याला शेजारी जमिनीवर ठेवलं आणि स्टूल स्वतः पुसून दिलं. मास्तर बसले, पार्सल मांडीवर घेऊन टोक शोधायला लागले. आत्यानं दुसरी बाजू धरली. पहिली पट्टी सुटायलाच बराच वेळ लागला. तिनं ती जावयाच्या अंगावर चिकटवली.

“तुम्हाला घाई तर नाही ना?” मास्तरांनी विचारलं.

“मला कसली घाई?”

“मलाही नाही.”

पट्टा पुन्हा सुरू झाला, पिशव्या यायला लागल्या, दोघी जावांनी भांडत भांडत सगळ्या सोलल्या. ते एक पार्सल मात्र संध्याकाळपर्यंत पुरलं.